आधी संत्रं, मग पेट्रोल

गुलाबभाऊंनी मला मशीनमध्ये पेट्रोल भरायला शिकवलं, पण त्याआधी संत्रं खायला शिकवलं. सौंसरला बसस्टँडच्या मागच्या गल्लीत त्यांचं फवारणीचे पंप आणि गवत कापायच्या मशीन दुरुस्त करायचं दुकान होतं. माझा पाठीवरचा पंप बंद पडला म्हणून मी तो ऑटोत घालून नेला. त्यांनी तो उघडला, साफ केला, दोरी ओढून चालू केला आणि चांगला दहा मिनिटं चालवून पाहिला. टाकीतलं पेट्रोल संपलं तसं इंजिन गचके खात बंद झालं. शेजारीच त्यांची पेट्रोलची लाल डबकी, म्हणजे पत्र्याचा कॅन, होती. मी ती उचलून पंपाच्या टाकीच्या झाकणाला हात घातला, तेवढ्यात त्यांनी झाकणावर आपला पंजा ठेवला आणि म्हणाले, “थांबा वहिनी. आधी हे खा.”

त्यांच्या हातात संत्रं होतं. मला वाटलं, पाहुणचार असेल. मी घाईघाईनं सोललं आणि दोन-दोन फोडी एकदम तोंडात टाकायला लागले. ते मान हलवत राहिले. “असं नाई. रेषा काढा, एकेक फोड खा, बिया थुका. गाडी पकडून राहिल्या का?” मी तोंड वाकडं करत संत्रं संपवलं. मग त्यांनी सायलेन्सरजवळ हाताची मागची बाजू नेली, जरा थांबले आणि मान डोलावली. “आता झाला ठंडा. आता खोला झाकण, हळूहळू.” झाकण फिरवताच फुस्स आवाज झाला. “हे आयकलं? हे गरमीत निघालं असतं तं तुमच्या तोंडावर आलं असतं.”

अख्ख्या तालुक्यात त्यांची ही रीत माहीत होती. घड्याळावर कोणी थांबत नाही, दोन मिनिटं म्हटलं की माणूस अर्ध्या मिनिटात उठतो, हे त्यांना ठाऊक होतं. संत्र्याला मात्र त्याचा वेळ लागतोच. बागा संपल्या की ते मूठभर फुटाणे द्यायचे आणि एकेक खायला लावायचे. लोक चेष्टा करत, “गुलाबभाऊकडे मशीन नेली का फराळ होते.” एकदा एक मोठे बागायतदार फाटकात उभे राहून ओरडत होते की माझी माणसं तिकडे रिकामी बसली आहेत. गुलाबभाऊंनी पाना खाली ठेवला, स्वतःच एक संत्रं घेतलं आणि स्टुलावर बसून सोलायला लागले. “वरडा भाऊ. तवरोक इंजन ठंडं होते.”

बुटका माणूस, खाकी शर्ट गळ्यापर्यंत बंद, चष्म्याच्या दांड्या दोऱ्यानं बांधलेल्या. तंबाखू नाही, बिडी नाही. बोलणं मात्र चुरचुरीत. “पेट्रोल दिसते पाण्यासारखं, पण त्याची वाफ चालत जाते. तुमी इथं भरता अन् ते तिथं चुलीपाशी जाऊन बसते.” पंप पाठीवरून उतरवायचा, उघड्या मातीवर ठेवायचा, टाकी काठोकाठ भरायची नाही, दोन बोटं जागा सोडायची, सांडलेलं फडक्यानं पुसायचं आणि मशीन उचलून दहा पावलं दुसरीकडे नेऊनच दोरी ओढायची. पेट्रोलपंपावर डबकी मोटरसायकलच्या कॅरिअरवर ठेवून भरून आणल्याचं त्यांना कळलं, तर ते माणसाला परत पाठवत. डबकी जमिनीवरच ठेवून भरायची. आणि सगळ्यांत आवडतं वाक्य, “आगीले घाईवाला माणूस आवडते.”

माझ्याशी ते चांगले वागले, हे मला सांगावंच लागेल. आमची बाग तिगावला. हे छिंदवाड्याला नोकरीत, महिन्यातून दोनदा येणार. बाग मीच पाहायची असं ठरलं, आणि मी पहिली मशीन आणली तेव्हा गावातले लोक बांधावर उभे राहून हसले. बाईच्या पाठीवर पंप! गुलाबभाऊ तेवढे हसले नाहीत. तो पंप दुरुस्त झाल्यावर स्वतः बागेत आले, मला आणि आमच्या झनकला समोर बसवून दिवसभर शिकवलं. “मशीनले समजत नाई मालक बाई आहे का माणूस. तिले गरम अन् ठंडं एवढंच समजते.” हे वाक्य मी किती जणांना ऐकवलं असेल! पुढच्या वर्षीपासून मी त्यांना राखी बांधायला लागले आणि वहिनीची ताई झाले. सख्खा भाऊ मला नाही. जी जागा रिकामी होती तिथे मी या माणसाला बसवलं.

झनक आमचा जुना माणूस. लग्न होऊन मी तिगावात आले त्याच्या दुसऱ्या वर्षापासून आमच्याकडे होता. हाडानं काटक, बोलणं कमी. बिडी ओढायचा, पण मशीनच्या कामावर असला की बिडीबंडल बांधावर चपलेखाली ठेवून यायचा. हे मी रोज पाहत होते.

मग एका वर्षी पाठीवरचा नवा मोठा पंप घेतला. संत्र्यावर पानं काळी करणारी कोळशी पडली होती, फवारणी थांबवता येत नव्हती, आणि आभाळ भरून आलं होतं. गुलाबभाऊ स्वतः पंप चालवून द्यायला आले. मी नेमकी त्या दिवशी पांढुर्ण्याला गेले होते. पांढुर्णा जिल्हा झाल्यापासून जमिनीच्या कागदांसाठी छिंदवाड्याला जावं लागत नाही, पण रांग काही कमी झाली नाही. रांगेतच फोन आला की झनक भाजला.

मी बागेत पोचले तेव्हा झनकला जीपमध्ये घालून नेलं होतं. एका झाडाखालचं गवत काळं झालेलं, बाजूला पंपाचा वितळलेला सांगाडा. गुलाबभाऊ बांधावर बसले होते आणि त्यांचे दोन्ही हात पाण्याच्या बादलीत होते. बाकीचे मजूर तेव्हा दुसऱ्या टोकाला पाणी भरत होते, त्यांनी पाहिलं ते एवढंच की गुलाबभाऊंनी नुसत्या हातांनी झनकला आगीतून ओढून काढलं आणि त्याच्यावर ओलं पोतं टाकलं. त्यात काही खोटं नाही. झनक त्यांच्यामुळेच जगला.

“ताई, किती शिकवलं होतं याले,” ते म्हणाले. “मशीन खाली ठेवून भरून राहिला होता, अन् तोंडात बिडी. मी वरडलो, पण तवरोक…” त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत माझा विश्वास बसून गेला होता. मी त्यांचे हात बादलीतून काढून पाहिले. कातडी लोंबत होती. मी रडले. झनकसाठी नाही, त्या हातांसाठी रडले.

नागपूरच्या दवाखान्यात झनक पालथा पडलेला होता, पट्ट्यांनी गुंडाळलेला. मला पाहून त्यानं मान वळवायचा प्रयत्न केला. “बाई, भाऊनं पाठीवरच भरलं. पाणी येऊन राहिलं होतं म्हून. मी म्हटलं उतरवतो, तं म्हणे राहू दे, उतरवाले अन् ठंडं व्हाले टाइम नाई. चालू मशीन बंद केली अन् मागून ओतलं.”

मी काय म्हणाले ते मला अक्षर न् अक्षर आठवतं. आठवू नये असं फार वाटतं. मी म्हणाले, “ज्यानं हात जाळून तुला वाचवलं, त्याच्यावरच ढकलतोस? लाज वाटू दे झनक.” त्यानं मान पुन्हा उशीत घातली. त्याची बायको खाटेच्या पायथ्याशी उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि त्याची चादर नीट केली. मी परत त्या दवाखान्यात गेले नाही. बिलांचं पाहिलं, आणि आपण फार मोठ्या मनाच्या आहोत असं समजून घरी बसले.

तिगावात त्याचं नाव ‘बिडीवाला’ पडलं. बरा होऊन आला तर मशीनला कोणी त्याला हात लावू देईना. मीही बोलावलं नाही. बिनमशीनचं कामही मिळेनासं झालं, कारण ज्यानं एक बाग जाळली तो दुसरी जाळेल असं लोकांचं म्हणणं. एक दिवस बायको-पोरांना घेऊन तो पांढुर्ण्याला निघून गेल्याचं कळलं. मी म्हटलं, बरं झालं.

इकडे गुलाबभाऊंचं नाव वाढत गेलं. शेतकऱ्यांच्या शिबिरांत त्यांना बोलवायला लागले. ते स्टेजवर संत्रं सोलायचे, लोक हसायचे, आणि हसणं थांबलं की ते दोन्ही तळहात उघडून दाखवायचे. कातडी चकचकीत, बोटं अर्धी आखडलेली. “हे पाहा. एका बिडीचं काम.” मी दोन-तीनदा पुढच्या रांगेत बसून हे ऐकलं आहे, आणि माझी मान ताठ झाली आहे. माझा भाऊ!

गेल्या हिवाळ्यात मी शेतातला कापूस घेऊन पांढुर्ण्याच्या जिनिंग मिलला गेले. गाडी खाली होत होती. हमाल उघड्या अंगानं गाठोडी उचलत होते. त्यांच्यातल्या एकाच्या पाठीकडे माझं लक्ष गेलं. मान, दोन्ही खांदे आणि डावा दंड, सगळी कातडी गुलाबी, सुरकुतलेली, जागोजाग गोळा झालेली. आणि त्या जळलेल्या खांद्यांवरून मागे पाठीत उतरणाऱ्या दोन रुंद पट्ट्या, चांगल्या सावळ्या कातडीच्या, साफ, जणू आगीनं ओलांडून जायचं नाकारलं होतं.

पाठीवरच्या पंपाला असेच दोन पट्टे असतात. मी ते वर्षानुवर्षं माझ्या खांद्यांवर घेतले आहेत. त्या पट्ट्यांखालची कातडी वाचली होती, म्हणजे आग लागली तेव्हा ते पट्टे खांद्यावर होते. मशीन पाठीवर होती. जमिनीवर मशीन ठेवून, तोंडात बिडी धरून, समोर वाकून पेट्रोल ओतणाऱ्या माणसाचं तोंड जळलं असतं, छाती जळली असती. तो माणूस वळला. झनक होता, आणि त्याच्या तोंडावर एक डागही नव्हता. त्यानं मला पाहिलं, ओळख दाखवली नाही आणि पुढचं गाठोडं उचललं. मला त्याच्याजवळ जायची हिंमत झाली नाही. मी कापसाची पावतीही न घेता सौंसरची बस पकडली.

गुलाबभाऊ दुकानात एकटेच होते. मी उभ्यानंच विचारलं, “झनकच्या खांद्यावर पट्ट्यांची कातडी चांगली कशी राहिली, भाऊ?”

ते स्क्रू-ड्रायव्हर पुसत राहिले. मला वाटत होतं की ते चिडतील, मला घालवून देतील. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. ते खाली बघून म्हणाले, “मीच भरलं, ताई. पाणी येऊन राहिलं होतं. दोन टाक्यांचं काम उरलं होतं. म्हटलं एकदा होते तं काय होते.”

“मग सांगितलं का नाही?”

“कोणाले सांगू?” आता त्यांचा आवाज चढला. “पंधरा-वीस वर्ष झाले लोकाईले संत्रं खाऊ घालून राहिलो. मी स्वतः गरम मशीनीत पेट्रोल ओतलं म्हटलं असतं, तं एक तरी माणूस थांबला असता का पुढं? हसले असते. गुलाबभाऊच थांबत नाई तं आपण काहून थांबाचं? अजून चार झनक जळले असते. एका माणसाचं नाव गेलं, बाकीचे तं वाचले ना?”

मला वाटतं हे त्यांनी स्वतःला इतक्यांदा सांगितलं होतं की त्यांना ते खरंच पटलं होतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण मी लहानपणापासून ऐकली. पण आपल्या कोरडेपणासाठी दुसऱ्याला जाळणारा पाषाण मी पहिल्यांदा पाहिला. मी म्हणाले, “झनकचं नाव तुमचं नव्हतं, भाऊ. ते घालवायचा तुम्हाला काय हक्क?” ते खाली बसले. हातात तोंड घातलं. मग म्हणाले, “पुढच्या हप्त्यात इथंच शिबिर आहे. सगळ्याइच्या समोर सांगतो. तुमची शपथ, ताई.” मी राखी बांधते त्या मनगटावर दुसरा हात ठेवून म्हणाले. आणि मूर्ख मी, पुन्हा विश्वास ठेवला.

शिबिराला मी पहिल्या रांगेत होते. त्यांनी मला पाहिलं. संत्रं सोललं, लोक हसले. मग ते थांबले. त्यांनी दोन्ही तळहात उघडले आणि म्हणाले, “हे पाहा. एका बिडीचं काम.”

मी उठले. मी मोठ्यानं सांगितलं की बिडी नव्हती, मशीन पाठीवर होती, पेट्रोल यांनी ओतलं, आणि आठ दिवसांपूर्वी यांनी हे माझ्याजवळ कबूल केलं आहे. सभागृहात कुजबुज झाली. मागून कोणीतरी म्हणालं, “बसा वहिनी, ज्यानं हात जाळले त्याच्यावर कायले ढकलून राहिल्या?” माझेच शब्द, दवाखान्यातले, माझ्या तोंडावर येऊन पडले. मी गुलाबभाऊंकडे पाहिलं. आता तरी बोलतील. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि फार मायेनं म्हणाले, “राहू द्या, काही बोलू नका माह्या ताईले. जुना माणूस होता तिचा, जीव लागते. मी वाईट मानत नाई.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांच्या मोठ्या मनासाठी.

त्यानंतर मी त्यांचं तोंड पाहिलेलं नाही. यंदा राखी बांधली नाही. त्यांचा निरोप आला होता, मी उत्तर दिलं नाही. लोक मला विचारतात, एवढा चांगला माणूस, काय बिनसलं? मी सांगते तेव्हा ते खिडकीबाहेर पाहायला लागतात. सगळ्यांत चीड याची येते की त्यांचा नियम खरा आहे. खोटा असता तर माणसाबरोबर फेकून देता आला असता. आता माझ्या बागेत नवा माणूस आला की मी त्याला मशीन उतरवायला लावते, थंड होईपर्यंत बसवते, आणि हे कोणी शिकवलं असं त्यानं विचारलं की माझं मीच शिकले म्हणते.

शिबिराच्या दुसऱ्या दिवशी मी जिनिंगला गेले. झनक दुपारच्या सुट्टीत भिंतीच्या सावलीत बसून भाकर खात होता. मी त्याच्यासमोर खाली बसले. सगळं सांगितलं. खांद्यावरच्या पट्ट्या, भाऊंची कबुली, शिबिर. सगळ्यांच्या समोर उभं राहून बोलले, पण कोणी मानलं नाही, हेही सांगितलं. परत बागेत ये म्हणाले. माफी मागितली. त्यानं हात धुतले, डब्याचं झाकण लावलं, काही घाई केली नाही.

“बागेत नाई येत मी आता, बाई,” तो म्हणाला. “इथं बरं आहे. इथं मले कोणी काही म्हणत नाई.” मग म्हणाला, “भाऊचा राग नाई मले. तो घाबरला होता. घाबरला का माणूस खोटं बोलते. त्यानं मले बाहेर तं काढलं.”

मी मान हलवली. मला वाटलं, झालं, मिटलं.

“पण बाई,” तो म्हणाला, “दवाखान्यात तुमी कायले घाबरल्या होत्या?”

आत भोंगा वाजला. तो उठला आणि शर्ट काढून कामाला गेला.